विंगेतली नीलांबरी

नीलांबरी सबनीसला जन्मात एकच कला साधली होती. ओठ फारसे न हलवता बोलायचं, आणि तेही नेमकं एकाच माणसाला ऐकू जाईल इतपत. पिंपरीच्या कारखान्यात ती ट्रेसर होती. मोठमोठ्या ड्रॉइंगवर पारदर्शक कागद पसरून दिवसभर रेघा ओढायच्या. कारखान्याचं नाटक दर वर्षी कामगार स्पर्धेत उतरायचं. नव्याने लागलेल्या हेमचंद्रला त्यात नायकाचं काम मिळालं ते निव्वळ उंचीच्या आणि आवाजाच्या जोरावर, कारण पाठांतराच्या नावाने सगळा आनंदीआनंद होता. दुसऱ्या अंकात हा गडी कुठेतरी अडकणार हे ठरलेलंच. मग नीलांबरीच्या हातात वही देऊन तिला डावीकडच्या विंगेत उभं केलं, आणि तिसऱ्या तालमीपासून कुणाच्या लक्षातही येईना की याला काही येत नाही. तो थांबला की प्रेक्षकांना वाटायचं, वा, काय तोलून-मापून बोलतो! पडदा उघडायच्या आधी तो एकच गोष्ट विचारायचा, "नीलू विंगेत आहे ना? मग होऊ द्या सुरू."

पुढे दोघांचं लग्न झालं, मुलगी झाली, संहिता, आणि अठ्ठ्याण्णव साली चिपांची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीने हेमचंद्रला हॉलंडला बोलावून घेतलं. आइंडहोव्हनला खेटून बेस्ट नावाचं गाव आहे, तिथे त्यांनी ओळीतलं एक घर घेतलं. पुढे सायकली, मागे वीतभर बाग, आणि बागेत टोमॅटो पिकायच्या आत संपणारा उन्हाळा. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हेमचंद्र एकांकिका करायचा आणि नीलांबरी पडद्याआड, आता चष्मा लावून, वही धरून बसायची. इतक्या वर्षांत तिचा प्रॉम्प्ट एकदाही चुकला नाही. ती हे कुणाला सांगत नसे, पण मनातून तिला त्याचा अभिमान होता. का नसावा?

इथला माणूस उन्हाळा लागला की गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडतो आणि फ्रान्सच्या दिशेने सुटतो. सोबत बटाटेसुद्धा घरचेच नेतो, असं त्याच्याबद्दल बोलतात. हेमचंद्रनेही एक जुनी कॅरॅव्हॅन घेतली. नीलांबरीने कुकर, पोहे आणि गोडा मसाला भरला, तेव्हा बटाट्यांना नावं ठेवायचा हक्क त्यांचाही गेलाच. त्या पहिल्याच प्रवासात रस्ता चुकून ते ओव्हेर्नच्या डोंगरांत शिरले आणि संध्याकाळी एका खेड्याशी येऊन थांबले. खेड्याचं नाव सां-ओर्बां. पुढची एकोणीस वर्षं त्यांनी दुसरं गाव पाहिलं नाही.

पाहण्यासारखं तिथे काय होतं, असं विचाराल तर म्हटलं तर काहीच नाही. सुर्ने नावाची नदी गावाला तीन बाजूंनी वळसा घालते आणि चौथ्या बाजूला विझलेल्या ज्वालामुखीचा डोंगर आहे. घरं त्याच डोंगराच्या काळ्या दगडाची. वरची आळी म्हणजे चर्च आणि महापौराची कचेरी. खालची आळी म्हणजे जुनी कागदाची गिरणी आणि छप्पर घातलेला धुण्याचा दगडी हौद. हौदाच्या काठावर बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या गुडघे टेकले त्या जागी दगडात खळगे पडलेत. गिरणी सोळाशे त्रेचाळीस सालची. त्या काळी आसपासच्या गावांतल्या चिंध्या गाढवांवर लादून इथे येत आणि त्यांचा लगदा करून कागद निघे. मग पहिलं महायुद्ध झालं. सहाशे वस्तीच्या गावातून सत्तावीस तरुण गेले ते परत आले नाहीत. चौकातल्या दगडावर त्यांची नावं आहेत, त्यात फोर आडनावाचे तिघे सख्खे भाऊ. तिथून गाव जे आटायला लागलं ते आटतच राहिलं. शाळा बंद पडली, टपाल कचेरी गेली, आता एकशे बारा माणसं उरलीत. पाव घेऊन गाडी येते मंगळवारी आणि शुक्रवारी, आणि हॉर्न वाजला की सगळी म्हातारी मंडळी सपाता फटफटवत चौकात जमतात. चर्चचं घड्याळ दर तासाचे टोले दोनदा देतं. एकदा देतं, दोन मिनिटं थांबतं आणि पुन्हा तेवढेच देतं. शेतात काम करणाऱ्याचं पहिल्यांदा मोजायचं राहिलं तर त्याला दुसऱ्यांदा मोजता यावेत, म्हणून.

हेमचंद्र या गावावर जीव टाकायला लागला. तो फ्रेंच शिकला. शेळ्या पाळणाऱ्या महापौराशी मैत्री करून त्याने जन्ममृत्यूची जुनी दप्तरं उघडून घेतली. शेवटी त्याने त्या गावाचा इतिहास चक्क मराठीत लिहून काढला, एकशे चाळीस पानं, जो सां-ओर्बांत कुणाला वाचता येणार नव्हता आणि पुण्यात कुणाला वाचायचा नव्हता. त्याचं अक्षर म्हणजे मुंग्यांची पळापळ. मग सुवाच्य प्रत नीलांबरीने केली, ट्रेसरच्या रेखीव अक्षरात. त्यामुळे गिरणीचं साल, नदीचा उगम, फोर भावांची नावं, सगळं तिला पाठ झालं. चारचौघांत गावाची गोष्ट हेमचंद्रच सांगायचा. साल आलं किंवा नाव आलं की जरा थांबायचा, मान किंचित डावीकडे कलवायचा, आणि नीलांबरी कुणाच्या तरी ताटात कोशिंबीर वाढता वाढता पुटपुटायची, "सोळाशे त्रेचाळीस." गोष्ट पुढे चालू.

आजार आला तोही याच थांबण्यातून. म्हणून तर तो कळायला वेळ लागला! तो थांबायचा, ती पुरवायची. आधी सालं, मग शेजाऱ्यांची नावं, मग घरचा पत्ता. कंपनीतल्या लोकांना शंका आली तरी तिला आली नव्हती. एकसष्टाव्या वर्षी डॉक्टरांनी डिमेन्शिया म्हणून सांगितलं, तेव्हा नीलांबरी त्यांच्यावरच तडकली. "सगळं आठवतं यांना, फक्त जरा सुरुवात करून द्यावी लागते."

त्यानंतरच्या चार वर्षांत तिचं काय झालं हे फक्त तिलाच ठाऊक. तो तिला नजरेआड होऊ देईना. ती दिसेनाशी झाली की ओरडायचा, दार बडवायचा. आठ महिने तिने न्हाणीघराचं दार लावून अंघोळ केली नव्हती. ओव्हनमध्ये बूट सापडले. एका दुपारी तो सायकल घेऊन निघाला आणि पोलिसांना कालव्याच्या पुलावर सापडला. तो सां-ओर्बांला चालला होता आणि पूल चुकीचा आहे म्हणून त्यांच्यावरच रागावला होता. एकदा कपडे बदलताना त्याने तिचा हात असा पिरगाळला की महिनाभर लाटणं धरवेना. आठवड्यातून दोन दिवस त्याला डे-केअरची गाडी घेऊन जायची, तेव्हा ती जेवतसुद्धा नसे, नुसती पडून राही. हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या घरच्या डॉक्टरने, तिचं ब्लडप्रेशर पाहून विचारलं, "आणि तुमच्याकडे कोण बघतं?"

बेस्टमध्येच एक शुश्रूषागृह होतं. कुलूपबंद बाग, चोवीस तास माणसं. तिथे जागाही होणार होती. पण सरकारी कचेरीचा माणूस घरी येऊन पाहून जाणार आणि या गृहस्थांना कायमच्या देखरेखीची गरज आहे असा निर्णय देणार, तेव्हाच ती मिळणार. नीलांबरीला ती जागा हवी होती. तिला तो आता घरात नको होता. हे वाक्य तिने एकदा बेसिनशी उभं राहून स्वतःशीच मराठीत म्हणून पाहिलं, आणि मग नळ सोडून हमसाहमशी रडली.

सप्टेंबरात, गणपती बसल्याच्या दुसऱ्या दिवशी, कचेरीची बाई आली. मार्लूस तिचं नाव, मोठी हसतमुख. आता शहाण्या माणसाने घर जसं होतं तसं ठेवलं असतं. पण पाहुणा येणार म्हटल्यावर पुण्याची बाई घर तसंच ठेवेल होय? नीलांबरीने दोन दिवस घासूनपुसून घर लख्ख केलं. नवऱ्याची दाढी केली, त्याला इस्त्रीचा शर्ट घातला. चकल्या तळल्या.

मार्लूसने इंग्रजीत विचारलं, "सर, हा महिना कोणता?"

हेमचंद्र थांबला. मान किंचित डावीकडे कलली. नीलांबरी चहाचा कप ठेवत होती.

"कालच गणपती बसले, सप्टेंबर," ती पुटपुटली.

"सप्टेंबर," हेमचंद्र खणखणीत आवाजात म्हणाला.

बाईने तीन शब्द दिले, सफरचंद, टेबल, नाणं, आणि पाच मिनिटांनी विचारले. "सफरचंद, टेबल, नाणं," चकल्यांच्या ताटलीमागून मराठीत उत्तर आलं, आणि इंग्रजीत होऊन पुढे गेलं. बाईला वाटलं, या चहा घ्या म्हणताहेत. नीलांबरी मुद्दाम करत नव्हती हो! तो अडला की तिचं तोंड आपोआप उघडत होतं, अडतीस वर्षांची सवय. तेवढ्यात मार्लूसची नजर भिंतीवरच्या फोटोवर गेली. तीही दर वर्षी ओव्हेर्नलाच जायची. झालं! हेमचंद्र पाऊण तास सां-ओर्बांवर बोलला. चिंध्यांचा कागद, धुण्याच्या हौदातले खळगे, दोनदा पडणारे टोले. सालं आणि नावं डावीकडून येत गेली. मार्लूसने हनुवटीवर हात ठेवून ऐकलं. निघताना सायकलचं कुलूप काढत ती नीलांबरीला म्हणाली, "काय स्मरणशक्ती आहे तुमच्या मिस्टरांची!"

तेव्हा कुठे नीलांबरीच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. गृहस्थ उत्तम संवाद साधतात, घरची व्यवस्था चोख आहे, पत्नीचा आधार भक्कम आहे. सबब, अर्ज नामंजूर. संहिता एनस्खेडेच्या विद्यापीठात संशोधन करते, ती त्याच दिवशी गाडीने आली. तिने पत्र वाचलं आणि डोक्याला हात लावला.

"आई, what did you do?"

"मी काय केलं? मी चहा देत होते."

"तू prompt करत होतीस. I know you. लहानपणापासून ऐकलाय मी तो आवाज."

"अगं, ते अडले की मला बघवत नाही."

"पण अडायलाच हवं होतं ना! That was the whole point, आई."

निर्णयावर हरकत घेता येते. सां-ओर्बांसारखेच इथल्या कचेरीचेही टोले दोनदा पडतात, एवढं एक बरं. संहिताने सगळे कागद भरले. पुन्हा तपासणी जानेवारीत, दुसरा माणूस येणार. पहिल्या वेळचा अहवाल त्याच्या हातात असणारच. तेव्हा पुन्हा गावाची गोष्ट निघणार, आणि हेमचंद्रने ती पुन्हा तशीच रंगवली तर सगळं संपलं. संहिताने आईला नियम घालून दिले. घर आवरायचं नाही, दाढी करायची नाही, फराळ नाही. आईने खोलीत बसायचं, नाहीतर बाबा बिथरतील, पण त्यांच्या उजवीकडे, आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

ते तीन महिने नीलांबरीने कसे काढले विचारू नका. नोव्हेंबरात तो पडला आणि त्याला उचलताना तिच्या पाठीत उसण भरली. तरी रोज दिवेलागणीला तो खुर्चीत बसून गाव सांगायचा, आणि ती कान देऊन ऐकायची. आज फोर भावांतला एक गळला. आज गिरणीचं साल गेलं. ती पुरवत नव्हती, नुसती मोजत होती. एखादं नाव त्याला पटकन आठवलं की तिचं काळीज सुपाएवढं व्हायचं आणि पुढच्याच क्षणी जानेवारीच्या भीतीने गार पडायचं. एका संध्याकाळी देवापाशी दिवा लावताना तिच्या तोंडून निघून गेलं, "देवा, विसरू दे रे यांना हे गाव एकदाचं." आपण काय बोललो हे कळताच तिने स्वतःच्या दोन्ही गालांवर मारून घेतलं. त्याच्याकडे दुसरं उरलं होतं काय? बेस्ट गेलं, पुणं गेलं, कारखाना गेला, संहिता कधी मुलगी असायची तर कधी नर्स. एकशे बारा वस्तीचं एक गाव तेवढं होतं, आणि बायको तेच काढून घेऊ पाहत होती.

जानेवारीत यास्पर नावाचा तरुण आला. हळू बोलणारा, मांडीवर लॅपटॉप. सोफ्यावर धुतलेल्या कपड्यांचा ढीग पडला होता. हेमचंद्रच्या गालावर चार दिवसांचे पांढरे खुंट होते. नीलांबरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती टेबलापाशी, उजवीकडच्या खुर्चीत, संहिताशेजारी हात मांडीवर ठेवून बसली.

"सर, हा कोणता महिना?"

हेमचंद्र थांबला. मान डावीकडे कलली. डावीकडे कुणी नव्हतं. यास्परने वाट पाहिली आणि काहीतरी टिपून घेतलं. पत्ता विचारला, तेव्हाही तेच. तीन शब्द दिले, ते पाण्यात पडल्यासारखे बुडाले. नीलांबरीने खालचा ओठ दातांत धरला होता.

मग यास्पर अहवाल चाळत म्हणाला, "फ्रान्समधल्या एका गावाबद्दल तुम्ही फार छान सांगता असं इथे लिहिलंय."

हेमचंद्रचा चेहरा उजळला. तो खुर्चीत ताठ झाला, शर्टाची कॉलर सारखी केली. नीलांबरीला तो चेहरा ओळखीचा होता, पडदा उघडतानाचा.

"हो! आमचं गाव," तो नाटकातल्या आवाजात म्हणाला. "तिन्ही बाजूंनी नदी."

"काय नाव नदीचं?"

हेमचंद्र थांबला.

त्या थांबण्यात नीलांबरीने आयुष्य काढलं होतं. ते किती लांबेल, शब्द कुठे टाकायचा, सगळं तिच्या अंगात मुरलं होतं. सुर्ने. शब्द जिभेवर येऊन बसला. संहिताने टेबलाखालून तिचा हात घट्ट दाबला. हेमचंद्र मान कलवून वाट पाहत होता, शांतपणे, आता येईलच अशा खात्रीने. एक मिनिट गेलं असेल. मग त्याच्या कपाळावर घाम आला.

"नदी," तो पुन्हा म्हणाला. "तिथे घंटा वाजते. दोनदा."

"दोनदा? ते का?"

तो डावीकडे बघत राहिला. मग त्याने चहूकडे नजर फिरवली, भिंतीवरच्या फोटोवरून, कपड्यांच्या ढिगावरून, आणि ती येऊन नीलांबरीवर थांबली. त्याचे डोळे भरून आले होते. "My wife," तो यास्परला म्हणाला, "she will tell you."

"मला तुमच्याकडूनच ऐकायचंय, सर. सावकाश सांगा."

नीलांबरीने डोळे मिटून घेतले. शेतातल्या माणसाचं मोजायचं राहिलं तर म्हणून, ती मनातल्या मनात ओरडत होती, शेतातल्या माणसासाठी. ओठ घट्ट मिटलेले होते. खोलीत लॅपटॉपच्या कळांचा आवाज तेवढा येत राहिला, आणि तो बराच वेळ आला.

निघताना यास्पर दारात थांबला आणि नीलांबरीला हलक्या आवाजात म्हणाला की पत्र रीतसर येईलच, पण तिने आता काळजी करू नये. संहिताने आईला मिठी मारली. "You did it, आई," ती म्हणाली आणि शुश्रूषागृहाला फोन लावायला मागच्या बागेत गेली. नीलांबरीला वाटलं होतं की डोक्यावरचं ओझं उतरेल. ते तसूभरही हललं नाही.

ती आत आली. हेमचंद्र तसाच बसला होता, मान डावीकडे कलवून. ती नेहमीच्या जागी, त्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.

"सुर्ने," ती म्हणाली. "अहो, नदीचं नाव सुर्ने."

तो तिच्याकडे वळला. कितीतरी दिवसांत त्याने तिच्याकडे इतकं नीट पाहिलं नव्हतं.

"नीलू," तो म्हणाला, "आज विंगेत कोण होतं?"

तिला खोटं बोलता आलं असतं.

"मीच होते."

"मग आवाज का नाही आला?"

तिने त्याचा हात दोन्ही हातांत धरला. हुंदके आवरेनात. तो दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर थोपटायला लागला, तालमीत कुणी बावरलं की थोपटायचा तसा.

"असू दे, असू दे," तो म्हणाला. "होतं कधीकधी असं. विसरली असशील."